फऱ्याच्या आतल्या बाजूला

खांद्याच्या सांध्याला चार स्नायू कवटाळून असतात, रोटेटर कफ म्हणतात त्यांना. तिघांपर्यंत पाठीकडून बोट पोचतं. चौथा, सबस्कॅप्युलॅरिस, चौघांत सगळ्यात मोठा नि ताकदवान, पण फऱ्याच्या आतल्या बाजूला बरगड्यांकडे तोंड करून दडलेला. त्याच्यापाशी जायची वाट काखेतून. वीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे, तरी त्या वाटेनं जाताना आधी नखं बघते, तळहात चोळून ऊब आणते.

सासवडच्या एका मावशींना अंबाडा घालता येईना. आषाढीला डोक्यावर तुळस घेऊन चालायचं, आणि उजवा हात कानाच्या वर जाईना. पोटावर तळवा दाबायला सांगितला. जोर शाबूत होता. पण कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवायला गेलं की गच्च बसलेल्या दारासारखा अडे. मावशींना उताणं निजवलं, हात बाजूला घेतला, काखेच्या मागच्या भिंतीला धरून बोटं हळूहळू फऱ्याखाली सरकवली. तिथून जवळच हाताच्या नसा आणि मोठी रक्तवाहिनी जाते, म्हणून मुंग्या आल्या की लगेच सांगा, असं बजावलं होतं.

"मावशी, हात आत वळवा, मी अडवते."

बोटाखाली स्नायू फुगला. तोच. त्याच्या कडेपासून जरा आत एक ताठ दोरी लागली. तिच्यावर थांबले.

"अगं आई! हेच, पोरी. पण कळ मनगटात गेली की."

मनगटाला काहीच झालेलं नव्हतं. या स्नायूची कळ खांद्यामागे आणि मनगटाभोवती उठते, हे मला पाठ आहे. तरी त्या दिवशी अडखळले.

गीतेचा तेरावा अध्याय शरीराला क्षेत्र म्हणतो, ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. सुखदुःखही तो क्षेत्रातच धरतो. आणि सगळ्या क्षेत्रांतला क्षेत्रज्ञ मीच, असं श्रीकृष्ण सांगतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले, मानतेही. मग दुखणं क्षेत्रातलं, तर ते माझ्या बोटांना का लागलं नाही? बोटांना लागला तो नुसता ताठपणा. आणि जाणणारा दोघींत एकच, तर मावशींची कळ माझ्या मनगटात का उठली नाही? मन हेही क्षेत्रच, ते ज्याचं त्याचं वेगळं, म्हणून कळही वेगळी, असं उत्तर देतात. बरोबरच असेल ते. पण कण्हणाऱ्या माणसाच्या उशाशी मला ते पुरत नाही.

शिकत असताना शवविच्छेदनाच्या टेबलावर हाच स्नायू मी चिमटीत धरला होता. कुठून निघतो, दंडाच्या हाडावर कुठे जाऊन बसतो, सगळं उघडं दिसत होतं. 'हेच' म्हणणारं मात्र तिथे कुणी नव्हतं. मावशींना त्या स्नायूचं नावसुद्धा ठाऊक नाही, आणि माझं बोट बरोबर जागी आहे की नाही, हे त्यांनाच कळतं.

मी दाब वाढवला नाही. मावशींनी तीन-चारदा लांब श्वास सोडला. दोरी किंचित ढिली झाली, बोट आपसूक थोडं आत गेलं.

"आता?"

"आता बरं वाटतंय. राहू दे तिथंच हात."