नावे आणि जमा

आमचा भाचा मिलवॉकीला असतो. गेल्या खेपेस त्याने येताना चॉकलेटांऐवजी बॉब यूकरच्या गोष्टी आणल्या. माणूस स्वतः 2025 च्या जानेवारीत वारला.

यूकर हा बेसबॉलमधला कॅचर. कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षकच, पण यष्ट्या नसलेला. राखायला काही नाही, तरी तासन्‌तास उकिडवं बसायचं! 1962 ते 1967 एवढ्या काळात ह्या गृहस्थाच्या चार गावी बदल्या झाल्या आणि फलंदाजीचा हिशेब शंभरात वीस. (आम्हांला बी.कॉम.ला पस्तिसाला तरी पास करीत.) पुढे पन्नासहून अधिक वर्षं मिलवॉकीच्या संघाचं समालोचन करताना त्याने ह्याच विसांवर लोकांना हसवलं. 'नकलबॉल' कसा झेलायचा? तो म्हणे, गडगडून थांबला की जाऊन उचलायचा.

मी त्याला तिथल्या तिथे गुरू केलं. वीस वर्षं कारकुनी करून मीही स्वतःवर विनोदच करीत आलोय.

"मामा, पण त्या चेंडूची गंमत वेगळीच आहे," भाचा म्हणाला. नकलबॉल स्वतःभोवती फिरत नाही, त्यामुळे हवेत झोकांड्या खातो. कुठे जाईल ते फलंदाजाला कळत नाही आणि झेलणाऱ्यालाही नाही. धास्तावलेला कॅचर तो मागणारच नाही. 1967 साली अटलांटाच्या फिल नीक्रोकडे हा चेंडू होता आणि यूकर तो मागत राहिला. त्या मोसमात यूकरच्या हातून 27 चेंडू सुटले, लीगमध्ये सर्वांत जास्त. आणि धावा रोखण्यात त्या वर्षी लीगमध्ये पहिला कोण? नीक्रो!

मी कॉमर्सचा माणूस. जमा एकाच्या खात्यात, नावे दुसऱ्याच्या, आणि दुसरा आयुष्यभर ती नोंद हसत हसत वाचून दाखवतो. आता प्रश्न असा, की हे हसणं खरं की ते पळवाट? मी म्हटलं, खरंच. माझंही तसंच आहे.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याचे सुटले, कारण त्याने मागितले. तुम्ही ऑफिसरच्या परीक्षेचा फॉर्म तरी कधी भरलात?"

फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

मी भाच्याकडे वळून विचारलं, "काय रे, सेंट लुइसहून फिलाडेल्फियाला बदली झाली, तेव्हा पोरांच्या शाळेचं काय केलं त्याने?"

भाच्याला ते ठाऊक नव्हतं.