आधी विचारायचं राहिलं

दिवाळीला घरी गेलो की माझ्यात सुधारक संचारतो. गळका नळ, गॅसची जुनी नळी, आईचा लॅपटॉप, काही सुटत नाही. यंदा लॅपटॉपवरचं लिनक्स जुनं झालेलं दिसलं. आई झोपल्यावर नवी आवृत्ती टाकली. तिला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? नवं ते चांगलंच की!

सकाळी साडेसहाला तिने हलवून उठवलं. "अरे, कोपऱ्यातल्या त्या वाकड्या रेघा कुठे गेल्या?"

वायफाय गायब. साडेसहा ही तिची आणि इंदूरच्या मावशीची वेळ. मावशी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. दोघी स्क्रीनवर समोरासमोर बसून हरिपाठ म्हणतात. "मोबाइलवरून कर ना," मी म्हणालो. तिने केलाही. पण मावशीचा आवाज आता फार क्षीण झालाय. आई तिच्या ओठांकडे बघत म्हणते, आणि मोबाइलच्या चौकोनात ते ओठ तिला दिसेनात. हे मला त्या दिवशी कळलं.

मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं. 'एलएसपीसीआय' कमांडच्या यादीत वायफायची चिप दिसली, म्हणजे यंत्र धडधाकट होतं. नव्हता तो ड्रायव्हर, म्हणजे कर्नल आणि चिप यांच्यातला दुभाष्या. हा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा. त्याचा पूर्ण कोड चिपवाल्या कंपनीने खुला केलेला नाही. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. डीकेएमएस ते आपोआप करतं, पण त्याला त्या कर्नलच्या हेडर फाइल्स लागतात. त्याच बसल्या नव्हत्या. त्या टाकल्या, ड्रायव्हर पुन्हा बसवला, लॅपटॉप बंद करून चालू केला. रेघा परत आल्या. तोवर साडेआठ वाजले होते आणि मावशीला झोप लागली होती.

वायफाय दुरुस्त झालं. ती सकाळ झाली का?

लिनक्सच्या कर्नलमध्ये काम करणाऱ्यांचा एक रिवाज आहे. आतली व्यवस्था बदलायला हरकत नाही, पण जो बदलेल त्यानेच तिच्यावर अवलंबून असलेला कर्नलमधला बाकीचा कोडही दुरुस्त करून द्यायचा. लोकांचे चालू प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, यावर तर लिनस टोरवाल्ड्स हटूनच बसतात. बाहेरच्या बंद ड्रायव्हरला मात्र हे संरक्षण नाही. जो कोड समोरच नाही, तो दुरुस्त कोण करणार?

आईची साडेसहाची वेळ माझ्यासाठी तशीच बाहेरची होती. पण कंपनीने आपला कोड झाकून ठेवलाय. आईने काहीच झाकलं नव्हतं. मीच कधी बघितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, विचारत बसलं तर सुधारणा व्हायची कशी? खरंय. विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "चाललंय ना, राहू दे." आणि जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं कधीतरी थांबतंच. बदल करणं चूक नव्हतं. पण विचारणं म्हणजे फक्त परवानगी मागणं नाही. या वस्तूवर तुझं काय काय टेकलेलं आहे, हे जाणून घेणं म्हणजे विचारणं. पेन ड्राइव्हवरून नवी आवृत्ती चालवून वायफाय लागतं का, हे आधी पाहता येतं. रोज साडेसहाला काय असतं, हे पेन ड्राइव्ह सांगत नाही. ते आईच सांगू शकते.

दुसऱ्याचं भलं करताना आपण स्वतःला फार लवकर माफ करतो, कारण हेतू चांगला असतो. पण मोडतोड हेतू बघून होत नाही. जो बदलतो, त्याच्यावर मोडलेलं जोडून देण्याची जबाबदारी असते. आणि काही गोष्टी मागाहून जोडता येत नाहीत, म्हणून त्या आधीच विचाराव्या लागतात.

दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच मी लॅपटॉप उघडून बसलो. आई देवापुढे दिवा लावून आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आज काही नवीन करू नकोस हं."

मी खुर्ची सोडली.