सातबाऱ्याबाहेरची शेती

सेंद्रिय शेत बघायला गेलं की शेतकरी आधी जीवामृताच्या टाकीपाशी नेतो. एकराला 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, प्रमाण तोंडपाठ. मग गांडूळखत, मग फळबाग. घरामागची परसबाग दिसते ती चहा होईपर्यंत, जाता जाता. मला हा क्रम उलटा हवासा वाटतो.

परसात वाफे सरळ नसतात, पण आखणी असते. मोरीचं पाणी अळूला आणि केळीला, कारण त्यांना सतत ओल लागते. शेवगा कोरड्यात, कडेला. त्याच्यावरच घेवडा चढवला की मांडव वाचतो, शिवाय घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात तो वेगळाच. वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका खायचा नाही, बियाण्यासाठी वाळू द्यायचा. कोणता राखायचा, हे घरातली बाई ठरवते. कृषी विद्यापीठात याच कामाला पीकसुधारणा म्हणतात. इथे ते भाकऱ्या थापता थापता उरकतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी बियाणी जमवून घरात बियाणे बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कौतुकाचा सूर मात्र बहुतेक वेळा ‘शाळेत गेल्या नाहीत, तरीही’ असा लागला. तो ‘तरीही’ मला खटकतो. बियाणं ओळखायची त्यांची शाळा परसातच होती.

गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो, म्हणून परसातलं पीक पीकपाहणीत येत नाही. भाजी विकली जात नाही, म्हणून बाजार समितीच्या आकड्यांतही नाही. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना 2 आणि फळझाडांना 3 वर्षांचा रूपांतरकाळ लागतो, पण ती सगळी यातायात विकायच्या मालासाठी. जिथे कधी फवारणीच झाली नाही, त्या चार वाफ्यांना प्रमाणपत्र कोण देणार, आणि मागणार तरी कोण?

खरी गंमत रासायनिक शेती करणाऱ्यांच्या घरी आहे. शेतातल्या भेंडीवर फवारा मारणारी कितीतरी घरं खायची भेंडी परसात, औषधाशिवाय लावतात. विषाबद्दल त्यांना कोणी वेगळं सांगायची गरज नाही. अडतं ते बाजारभावाशी, डाग पडलेल्या फळाला मिळणाऱ्या दराशी आणि फेडायच्या कर्जाशी. सेंद्रियाचा प्रचार करायला जाणाऱ्याने अशा घरी आधी परसात जावं आणि इथे जमतं ते शेतात का परवडत नाही, एवढंच विचारावं.