आतषबाजीचे घर

आमच्या शाहूवाडीकडे पाऊस एवढा, की चार महिने आकाश म्हणून काही असते याचाच विसर पडतो. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या लावून झाल्या, की मी अंगणात खाट टाकतो आणि वर बघत पडतो. अमावास्येचा काळोख आणि धुतलेले आकाश! एवढी चैन शहरातल्या लक्षाधीशालाही मिळायची नाही.

यंदा शेजारी भाचा होता. मुंबईस कॉलेजात पदार्थविज्ञान शिकतो. उत्तरेकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘‘मामा, तिथे हंस आणि वृषपर्वा यांच्या सीमेवर एक दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसायची नाही. तिचे नाव आतषबाजी!’’

१७९८ साली विल्यम हर्षेलने ती शोधली. अंतर सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षे. १९१७ पासून २०१७ पर्यंतच्या शंभर वर्षांत तिच्यात दहा तारे स्फोट होऊन मेलेले माणसांनी पाहिले. अशा स्फोटाला सुपरनोव्हा म्हणतात. एका दीर्घिकेत शतकात एखाददुसरा व्हावा, हा सर्वसाधारण हिशेब, इथे दहा!

‘‘अपशकुनीच म्हणायची,’’ मी सहज बोलून गेलो.

तो हसला. म्हणाला, ‘‘उलट आहे, मामा. सूर्याच्या आठपटींहून जड तारे फार जगत नाहीत. सूर्याचे आयुष्य हजार कोटी वर्षांचे, यांचे फार तर चार-पाच कोटींचे. म्हणजे जिथे असे मृत्यू पुष्कळ, तिथे जन्मही पुष्कळ. शिवाय ती आपल्याकडे तोंड करून आहे, जवळ आहे, आणि सगळे तिच्याकडे बघत असतात. आपल्या आकाशगंगेत डोळ्यांना स्पष्ट दिसलेला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ सालचा. त्यानंतर इथे कुणी मेलेच नाही असे थोडेच आहे? मधल्या धुळीने ते झाकले.’’

तो झोपला. माझी झोप मात्र उडाली.

आमच्या खालच्या आळीत एक थोरले घर आहे. एका छपराखाली बावीस माणसे. दहा वर्षांत त्या घरातून चार तिरड्या निघाल्या. एक विषमज्वराने, एक साप चावून, एक बाळंतपणात, एक विहिरीत. गाव म्हणू लागले, ‘‘त्या घरात माणूस टिकत नाही.’’ त्याच घरातून माझ्या धाकट्या बहिणीला मागणी आली. मुलगा निर्व्यसनी, भाताची शेती चांगली. बहीण काही बोलली नाही. पण तिचे न बोलणे होकाराचे होते, हे मला कळत होते. तरी मी नकार दिला. थोरला भाऊ ना मी!

तिला मुंबईचे स्थळ पाहून दिली. हा मुलगा तिचाच. तो सहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. इस्पितळातून निरोप आला, आम्ही दोघे जाऊन दहावा करून आलो. गावाने तो मृत्यू कुणाच्याच घराच्या नावावर मांडला नाही. निम्म्या गावाची माणसे अशीच मुंबईत गेली आणि धुळीआड राहिली. खालच्या आळीतली माणसे गावातच राहिली, गावासमोर मेली. त्यांचा गुन्हा एवढाच, की ती आम्हाला दिसली. आणि त्या घरात त्याच दहा वर्षांत किती पाळणे हलले, हे मोजायला कुणाला सुचले नाही.

आपली मोजण्याची रीतही किती लहरी! याच तालुक्यात विशाळगडाच्या वाटेवर घोडखिंड आहे. १६६० च्या जुलैत बाजीप्रभू आणि त्यांचे कितीतरी सोबती तिथे पडले. त्या जागेला आपण अपशकुनी म्हटले नाही, पावन म्हटले. मरणाला नाव काय द्यायचे, हे मरण ठरवत नाही, पाहणारा ठरवतो. मग त्या नावाची जबाबदारीही पाहणाऱ्याचीच नको का?

हिशेबाने आईचे दुःख हलके होत नाही, हे मी जाणतो. त्या घरातल्या काकूंना मी दीर्घिकेची गोष्ट सांगू गेलो असतो, तर त्यांनी मला वेड्यात काढले असते. पण मनुष्याचे दुःख हे एक; त्या दुःखावर शेजाऱ्याने लावलेला कलंक हे दुसरे. पहिले निवारणे माझ्या हाती नव्हते. दुसरे तरी होते.

भाऊबीजेला बहीण आली होती. ओवाळून झाल्यावर फराळाचे ताट घेऊन मी भाच्यासह खालच्या आळीत गेलो. काकू उंबऱ्यातच होत्या. ताटाकडे न बघता मुलाच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

‘‘आईवर गेलाय,’’ त्या म्हणाल्या, आणि आत वळून पाट मांडायला सांगितले.