अपयश हा दोष आहे काय?

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे लंबगोल चेंडू हाताने फेकत आणि कवेत धरून धावत खेळायच्या तिकडच्या खेळात, मुख्य प्रशिक्षकाला मुदतीआधी काढून टाकणे आणि त्यासाठी त्याला प्रचंड रक्कम देणे हे नेहमीचे झाले आहे. या प्रकाराकडे सहसा उधळपट्टी म्हणून पाहिले जाते. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अर्थशास्त्राइतकाच कर्मविचाराचाही आहे. कर्माचे अपेक्षित फळ मिळाले नाही, तर कर्म करणारा तेवढ्यानेच दोषी ठरतो काय, हा तो प्रश्न होय.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने 12 नोव्हेंबर 2023 रोजी जिम्बो फिशर यांना पदावरून दूर केले, तेव्हा आदल्याच दिवशी त्यांच्या संघाने मिसिसिपी स्टेटला 51-10 असे हरवले होते. त्यांचा करार 2021 मध्ये 2031पर्यंत वाढवण्यात आला होता आणि त्यातील वेतनाची पूर्ण हमी असल्यामुळे विद्यापीठावर सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलर देण्याची जबाबदारी आली. मुदत संपण्याआधी करार मोडल्याबद्दल द्यायच्या अशा भरपाईला तिकडे ‘बायआउट’ म्हणतात. ती देय होते की नाही, हे बडतर्फीच्या प्रकारावर ठरते: गैरवर्तन, नियमभंग किंवा गुन्हा यांमुळे झालेली बडतर्फी सकारण समजली जाते व तिच्यात भरपाई मिळत नाही, उरलेली सर्व बडतर्फी अकारण ठरते. सामने हरणे ही बाब पहिल्या प्रकारात मोडत नाही. म्हणजे प्रेक्षागारातील हजारो लोक ज्याला पराभवाचा अपराधी म्हणून हाकलून लावू इच्छितात, त्याच्यापाशी दोष नाही, असे विद्यापीठ कागदावर मान्य करते आणि त्या मान्यतेची किंमतही मोजते.

हा भेद आधुनिक वकिलांनीच शोधून काढला, असे समजण्याचे कारण नाही. धर्मशास्त्रात वेतनविषयक वाद हे व्यवहाराचे, म्हणजे न्यायालयीन विवादाचे, एक स्वतंत्र पद मानले आहे. मुदत पूर्ण होण्याआधी भृतकाला, म्हणजे वेतन घेऊन काम करणाऱ्याला, काढून टाकणाऱ्या स्वामीने त्याचे संपूर्ण वेतन द्यावे आणि शिवाय राजाला शंभर पण दंड भरावा, मात्र भृतकाचाच दोष असेल तर हा नियम लागू नाही, असे विष्णुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. दुबळ्या मजुराच्या रक्षणासाठी योग्य ठरणारा हा नियम अमेरिकेत आज कोट्यधीश प्रशिक्षकांच्या आणि त्यांच्या मध्यस्थांच्या कामी येतो, हा विरोधाभास खरा. पण त्यामुळे नियमातील तत्त्व खोटे ठरत नाही.

दोषाची व्याख्या ताणण्याचा मोह किती मोठा असतो, हे लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. ब्रायन केली यांनी तेथे 48पैकी 34 सामने जिंकले होते. 25 ऑक्टोबर 2025 रोजी टेक्सस ए अँड एमकडून 49-25 अशी हार झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना काढण्यात आले. सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलरची भरपाई समोर दिसू लागताच बडतर्फी सकारण ठरवता येईल का, अशी चाचपणी सुरू झाली, केली न्यायालयात गेले आणि अखेर ती अकारणच होती हे विद्यापीठाने मान्य केले. आधी शिक्षा आणि मग दोषाचा शोध, हा क्रम कोणत्याही नीतिशास्त्रात बसणार नाही.

यावर पूर्वपक्ष असा: विजयाचे श्रेय आणि त्यामुळे वाढलेले वेतन जो घेतो, त्याने पराभवाचे उत्तरदायित्वही घ्यावे. हा आक्षेप वजनदार आहे, मात्र त्याने सिद्ध होते ते एवढेच की श्रेयही जास्त दिले गेले होते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि दैव. केवळ कर्त्याकडे पाहणाऱ्याची बुद्धी तेथे अपक्व म्हटली आहे. पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन 2025च्या प्रारंभी संघाला राष्ट्रीय उपांत्य सामन्यापर्यंत घेऊन गेले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 22-21 अशी हार होऊन ओळीने तिसरा पराभव पदरी पडला, त्या सामन्यात प्रमुख खेळाडूही जायबंदी झाला आणि लगेच फ्रँकलिन गेले. एका गुणाचे अंतर कोणाच्या चारित्र्यात मोजायचे? शिवाय 1996पासून या खेळात बरोबरी उरलेली नाही, त्यामुळे प्रत्येक सामन्यात एकाला हरावेच लागते. सर्वांनी कर्तव्य अचूक बजावले तरी निम्मे संघ पराभूतच होणार. जे अपयश रचनेतच ठरलेले आहे, त्याला वैयक्तिक पाप म्हणता येत नाही.

तरीही भरपाई दिल्याने सर्व देणे फिटते काय, हा प्रश्न उरतो. अमेरिकी न्यायविद् ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1897 मध्ये मांडलेल्या विचारानुसार करार पाळण्याचे कर्तव्य म्हणजे तो न पाळल्यास नुकसानभरपाई द्यावी लागेल, एवढाच अंदाज होय. बायआउट हे याच विचाराचे अपत्य आहे. विष्णुस्मृतीतील शंभर पणांचा दंड मात्र भृतकाला नव्हे, राजाला मिळतो. याचा अर्थ असा लावता येतो की पूर्ण वेतन देऊनही मोडलेल्या वचनाचा स्वतंत्र अपराध शिल्लक राहतो. दोहोंपैकी स्मृतीची दृष्टी अधिक खोल आहे, असे म्हणावे लागते.

उत्तराधिकारी शोधताना हाच विचार नव्या रूपात पुढे येतो. मीमांसेत, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, प्रतिनिधीचा विचार आहे: विहित द्रव्य मिळाले नाही तर त्याच्याशी सदृश द्रव्य चालते, परंतु फळाचा भोक्ता असलेल्या यजमानाला सामान्यतः प्रतिनिधी नसतो; ऋत्विज हे दक्षिणेने परिक्रीत, म्हणजे मोबदला देऊन कामापुरते मिळवलेले असतात. विद्यापीठे स्वतःला यजमान आणि प्रशिक्षकाला ऋत्विज समजतात. पेन स्टेटने सुमारे आठ आठवडे शोधून आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल नेले, आयोवा स्टेटने वॉशिंग्टन स्टेटचे जिमी रॉजर्स नेले. एकाची रिकामी जागा दुसऱ्याच्या अंगणात सरकत गेली. लुइझियाना स्टेटने तर लेन किफिन यांना मिसिसिपी विद्यापीठातून अशा वेळी उचलले की त्यांचा अकरा सामने जिंकलेला संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या उंबरठ्यावर होता.

या सर्व व्यवहारात खेळाडूंशी कोणी करार मोडलेला नसतो, कारण प्रशिक्षकाच्या करारात ते पक्षकारच नसतात. त्यांना घरी जाऊन, आईवडिलांसमोर बसून जे शब्द दिले जातात, त्यांना बायआउटचे कलम नसते. मात्र प्रशिक्षक बदलल्यावर त्यांना काही दिवसांपुरती दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची मुभा नियमानेच मिळते. ते संस्थेसाठी नव्हे, तर एका विशिष्ट माणसासाठी आले होते, हे त्या मुभेत गृहीत धरलेले आहे. आणि ते तसे असेल, तर प्रशिक्षक हा केवळ परिक्रीत ऋत्विज उरत नाही आणि त्याच्या जागी सदृश प्रतिनिधी आणून कर्म पूर्ववत चालते, हा विद्यापीठांचा दावा निदान त्या खेळाडूंच्या बाबतीत टिकत नाही.