शब्दाचा धातू आणि आपले माप

अभ्यासवर्गात एका तरुणाने मांडलेला युक्तिवाद तुम्हीही कधी ना कधी ऐकला असेल. तो म्हणाला, "अरब स्वतःच सेमिटिक आहेत. मग अरबांवर किंवा मुसलमानांवर अँटिसेमिटिझमचा आरोप होऊच कसा शकतो?" अनेकांनी समाधानाने माना डोलावल्या. थोड्या वेळाने तोच तरुण संतापून सांगत होता की, काही लोक म्हणतात, फोबिया म्हणजे भीती. आम्हाला मुसलमानांची भीती वाटत नाही, म्हणून इस्लामोफोबिया अस्तित्वातच नाही. ही पळवाट आहे, असे त्याचे म्हणणे. ते खरेही होते.

वाचकहो, हे दोन्ही युक्तिवाद मुळात एकच आहेत.

'तेल' हा शब्द तिळापासून आला, म्हणून खोबऱ्याच्या तेलाला तेल म्हणू नये, असा हट्ट कोणी धरत नाही. जकातीचा धात्वर्थ शुद्धी आणि वृद्धी असा आहे. पण घर झाडूनपुसून 'माझी जकात अदा झाली' असे कोणी म्हटले, तर आपण त्याला भाषापंडित म्हणणार नाही.

१८७९ साली विल्हेल्म मार याने जर्मनीत अँटिसेमाइटांची संघटना स्थापन केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर अरब नव्हते. होते ते केवळ ज्यू. जुन्या द्वेषाला शास्त्राचा पोशाख चढवणारा तो शब्द होता. पोशाख अंगाला नीट बसत नाही, म्हणून आतला द्वेष नाहीसा होत नाही. इस्लामोफोबिया हा शब्द १९९७ मध्ये ब्रिटनमधील रनीमीड ट्रस्टच्या अहवालानंतर विशेष रूढ झाला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १५ मार्च हा इस्लामोफोबियाविरोधी दिन ठरवला. २०१९ साली याच तारखेला ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला आणि त्यात ५१ जणांचे प्राण गेले. गोळ्या झाडणाऱ्याच्या मनात भीती होती की तिरस्कार, या चर्चेने त्या ५१ घरांना काय मिळणार?

आपल्याच परंपरेतील एक शब्द पाहा: असबियत. त्याच्या धातूत बांधण्याचा अर्थ आहे. उर्दूतील 'तअस्सुब' त्याच धातूचा. असबियत म्हणजे काय, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले गेल्याचा उल्लेख अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. उत्तरात धातूची चर्चा नाही. आपल्या लोकांना अन्यायात साथ देणे म्हणजे असबियत, असा त्याचा आशय आहे. शब्दाची ओळख मुळावरून नव्हे, कृतीवरून करून दिली गेली.

सूरह मुतफ्फिफीनचा आरंभ आठवा. स्वतः घेताना माप पुरेपूर भरून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे, यांचा तेथे धिक्कार आहे. हे फक्त धान्याच्या मापाविषयी आहे, असे मला तरी वाटत नाही. आपल्यावरील अन्यायाच्या शब्दाला रूढ अर्थ लावायचा आणि दुसऱ्यावरील अन्यायाच्या शब्दाला कोशातला, ही मापातली खोटच होय. कोकणात शतकानुशतके आपल्या शेजारी मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्राएल कुटुंबाला कोणी ज्यू म्हणून हिणवले, तर 'सेमिटिक कोण' हा प्रश्न तेथे किती हास्यास्पद ठरेल!

येथे तुम्ही विचाराल, मग पॅलेस्टाइनविषयी बोलायचे नाही काय? अवश्य बोलावे. एखाद्या राज्याच्या अत्याचाराचा निषेध म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. जसा एखाद्या मुस्लिम राजवटीवरील टीका म्हणजे इस्लामद्वेष नव्हे. मात्र हा भेद शब्दाचा धातू सिद्ध करत नाही. आपण राग कृत्याचा करतो की जन्माचा, यावरून तो ठरतो. ज्यांच्याशी वैर आहे त्यांच्याबाबतीतही न्याय सोडू नका, ही सूरह माइदामधील आज्ञा तर अशाच प्रसंगासाठी आहे.

त्या तरुणाने शेवटी विचारले, "मग आम्ही कोणता शब्द वापरावा?" मी म्हटले, मराठीत 'ज्यूद्वेष' आणि 'मुस्लिमद्वेष' हे दोन्ही शब्द तयार आहेत. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "यात तर पळायला जागाच नाही."