देव न मानणाऱ्यास पाप बोचते काय?

गेल्या चातुर्मासात एके सायंकाळी आरती आटोपल्यावर आपल्या सभामंडपात एक लहानसा वाद झाला. इंदूरला शिकावयास असलेला एक तरुण सुट्टीत घरी आला होता. माझा देवावर विश्वास राहिलेला नाही, असे त्याने सर्वांसमक्ष सांगून टाकले. त्याची आजी डोळ्यांना पदर लावून माझ्या वडिलांना म्हणाली, "गुरुजी, देवाचेच भय गेले, तर याला वाईट कर्मापासून अडवील कोण?" वडील इतकेच म्हणाले, "माई, देव मानीत नाही म्हणतो. पण तुम्हाला हात धरून पायऱ्या चढवून आणले ते त्यानेच ना?" मंडळी हसली व विषय तेथेच थांबला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही.

मी पुजाऱ्याचा मुलगा. देवाविना नीती नाही, असे मी म्हणावे हीच अपेक्षा असणार. तथापि जे अनुभवास आले व जे वाचनात आले, त्यास स्मरून तसे म्हणवत नाही.

प्रथम आपल्या गावाचेच उदाहरण घेऊ. इ. स. १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्या पदरी फॉर्स्टर नावाचे एक इंग्रज लेखक काही महिने खाजगी चिटणीस होते. तरुणपणीच त्यांची ख्रिस्ती धर्मावरील श्रद्धा उडाली होती. तरीही येथील गोकुळाष्टमीच्या उत्सवात ते आदराने सामील झाले. आपल्या टेकडीचे नाव धारण करणारे त्यांचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. संस्थानाची आर्थिक घडी विसकटून महाराज पाँडिचेरीस निघून गेले व १९३७ साली तेथेच निवर्तले. पडत्या काळात मित्राकडे पाठ फिरविणारे पुष्कळ असतात. फॉर्स्टर यांनी मात्र या मैत्रीचा मान शेवटपर्यंत राखला. कोणत्या देवाच्या भयाने? अशा कोणत्याच नव्हे. मित्राशी निष्ठा हाच त्यांचा धर्म होता.

दुसरे उदाहरण गोपाळ गणेश आगरकरांचे. ईश्वर व परलोक यांच्या आधारावाचून नीती उभी राहू शकते, असे ते मानीत. पोटापुरत्या वेतनावर संतोष मानून उरलेला वेळ लोकहिताकडे लावीन, असे त्यांनी आपल्या गरीब मातेस कळविले व तसेच केले. १८८२ साली त्यांनी टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८८ साली 'सुधारक' पत्र काढले. त्यांची मते न रुचलेल्या पुण्यातील मंडळींनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली, वयाची चाळिशीही न गाठता, ते वारले. त्यांची मते कोणास पटोत वा न पटोत, त्यांच्या शुचितेवर बोट ठेवणे कठीण आहे.

कोणी म्हणेल, हे संस्कार त्यांना श्रद्धाळू घरातच मिळाले होते. ते खरेही असेल. परंतु श्रद्धा गेल्यावरही शील टिकले, यावरून शीलाचे मूळ श्रद्धेहून खोल असावे, असे दिसते. आपल्या पूर्वजांनाही ही गोष्ट ठाऊक होती. प्राचीन सांख्यांनी सृष्टीची व्यवस्था सांगताना ईश्वर गृहीत धरला नाही. मीमांसकांनीही कर्माचे फळ देण्यास ईश्वराची गरज मानली नाही. मनुस्मृतीने धर्माची प्रमाणे सांगताना वेद, स्मृती व सदाचार यांच्या जोडीला स्वतःच्या अंतःकरणाच्या संतोषासही स्थान दिले आहे. महाभारतात तर तपस्वी जाजलीस धर्म शिकण्यासाठी तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावे लागले. कारण त्याचा तराजू सर्वांस सारखा होता.

आता एक लज्जास्पद गोष्ट सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना मंदिरात येणाऱ्या एका वृद्ध बाईंनी नारळ आणण्यास मला पैसे दिले. उरलेल्या पैशांतील पाच रुपये मी ठेवून घेतले. भीती वाटली, तेव्हा देवापुढे नाक घासले, अकरा प्रदक्षिणा घातल्या व मोकळा झालो. देवावर माझा पूर्ण विश्वास होता, आणि त्या विश्वासानेच मला इतक्या स्वस्तात सोडविले! चार दिवसांनी त्या बाई पायरीवर बसून कमरेची पिशवी उलटीपालटी करताना दिसल्या. मला पाहून म्हणाल्या, "म्हातारपणी हिशेब राहत नाही रे बाळा." माझ्या अपराधाचा दोष त्या स्वतःकडे घेत होत्या. त्या क्षणी जे काळजात रुतले, ते आजही रुतलेले आहे.

रात्री वडिलांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "देवाची क्षमा मागून माग. आधी त्यांचे पैसे त्यांना दे आणि खरे काय ते सांग." ते सांगणे अकरा प्रदक्षिणांहून फार अवघड गेले. पुढे कळले की, क्षुल्लक चोरीचे प्रायश्चित्त सांगतानाही मनुस्मृती चोरलेली वस्तू परत करावयास सांगते. अपराध माणसाचा केला असेल, तर केवळ देवाकडे जाऊन तो फिटत नाही.

मग श्रद्धेचे प्रयोजन काय? मला वाटते, ते आहे. त्या बाई मला पुन्हा भेटल्याच नसत्या, तर माझी टोचणी कदाचित जागी झालीच नसती. ज्याची हानी आपण केली, त्याचा चेहरा दर वेळी समोर येतोच असे नाही. अशा वेळी, कोणी पाहत नसतानाही कोणी साक्षी आहे, ही भावना माणसास सावध ठेवते. मंदिरात रोज हात जोडून उभे राहण्याचा खरा उपयोग हाच की, दिवसभरात कोणाचे काय घेतले हे आठवावे. पण ज्यास हा आधार नाही, त्याचे अंतःकरणही नाही, असे समजणे अन्यायाचे आहे. आणि ज्यास हा आधार आहे, त्याने पापाचे ओझे देवाच्या पायरीवर टाकून निर्धास्त घरी जाणे, हा त्याहून मोठा अन्याय आहे.

म्हणून त्या माईंना माझी नम्र विनंती आहे की, नातवाची चिंता करू नये. जो हात धरून आपल्याला पायऱ्या चढवितो, त्याला अडविणारे कोणी तरी त्याच्या आतच आहे. त्यास काय नाव द्यावे, हे तो पुढे ठरवील. आपण श्रद्धावंतांनी मात्र आज आरतीनंतर घरी जाताना इतकेच पाहावे की, कोणाचे पाच रुपये आपल्याकडे राहिले तर नाहीत ना.